पोटातल्या चौदा इंजेक्शनांमागची गोष्ट

कुत्रं चावलं म्हटलं की आमच्या पंचवटीत अजूनही घरातलं म्हातारं माणूस आधी विचारतं, "पोटात घ्यायची का?" आता दंडात देतात हे सांगून त्यांना खरं वाटत नाही. माझ्या मामाला शाळेत असताना गंगेवर, म्हणजे गोदाकाठी, बुधवारच्या बाजारात पिंडरीला कुत्रं चावलं. आजीने आधी जखमेत मिरचीपूड भरली, मग दवाखान्यात नेलं. रोज एक सुई, बेंबीच्या आजूबाजूला. कालची गाठ बसलेली नसायची तोवर आजची. सदऱ्याचं टोक दातात धरून मामा आडवा व्हायचा आणि घरी आल्यावर कॅलेंडरवर फुली मारायचा. अशा चौदा फुल्या.

ती इंजेक्शनं कसली आणि पोटातच का, हे समजून घ्यायचं तर चेतासंस्था आणि प्रतिकारशक्ती या दोन्हींच्या दारात जावं लागतं.

रेबीजचा विषाणू रक्तातून धावत नाही. चावल्या जागी तो स्नायूत शिरतो, तिथून चेतातंतूच्या टोकात. चेतातंतूच्या आत टोकापासून मूळ पेशीपर्यंत मालाची ने-आण कायम चालू असते. हा त्याच गाडीत बसतो. वेग म्हणाल तर दिवसाला काही मिलिमीटर ते काही सेंटिमीटर. रक्तात आणि लसिकेत गस्त घालणाऱ्या पांढऱ्या पेशींना चेतातंतूच्या आतला हा प्रवासी सहसा दिसतच नाही. मेंदूत पोचून लक्षणं दिसू लागली की मग जवळजवळ काहीच हातात राहत नाही. म्हणून तोंडावरचा चावा पिंडरीवरच्या चाव्यापेक्षा वाईट, तिथून मेंदू जवळ. पण वाटेत बहुधा एक ते तीन महिने जातात, आणि तेवढ्या अवधीत लस शरीराला तयार करू शकते.

लुई पाश्चरने हा अवधी साधला तो 6 जुलै 1885 रोजी. जोसेफ माइस्टर हा 9 वर्षांचा मुलगा, अंगावर कुत्र्याचे चावे. रेबीज झालेल्या सशाचा मज्जारज्जू सुमारे पंधरवडा वाळवून त्याचा अर्क टोचायला सुरुवात केली, मग रोज कमी वाळवलेला, म्हणजे जास्त जहाल. 13 टोचण्या झाल्या, मुलगा जगला. गंमत अशी, की चेतापेशी सुट्या सुट्या असतात हे रामोन इ काहाल यांनी मांडलं 1888 मध्ये, आणि रक्तद्रवात विषाला निकामी करणारं काहीतरी तयार होतं हे बेहरिंग आणि कितासातो यांनी दाखवलं 1890 मध्ये. दोन्ही शास्त्रं मागून आली, औषध आधीच पुढे निघून गेलं होतं.

त्याची किंमतही द्यावी लागली. भारतात कसौलीला 1900 मध्ये पाश्चर इन्स्टिट्यूट निघाली. तिथे डेव्हिड सेंपल यांनी 1911 च्या सुमारास मेंढीच्या मेंदूत विषाणू वाढवून, कार्बोलिक ॲसिडने मारून लस केली. स्वस्त, आपल्याकडे करता येणारी. पुढे कित्येक दशकं देशाने तीच वापरली. औषध मिलिलिटरच्या हिशेबाने जायचं, तेवढं कातडीखाली मावायला पोटच सोयीचं. खरी अडचण वेगळी होती. विषाणूबरोबर मेंढीचा मेंदूही टोचला जाई, आणि त्यात चेतातंतूंवरचं मायलिनचं वेष्टन असे. प्रतिकारशक्तीला ते परकं वाटे. एकदा ओळख पटली की काही जणांच्या शरीरात ती स्वतःच्याच चेतातंतूंवर तुटून पडे. चावा पिसाळलेल्या कुत्र्याचा होता की नव्हता हे कळायच्या आत लसीनेच माणूस लुळा पडायचा. अशा वेळी लस द्यावी की न द्यावी, हा निर्णय मला नसता घेता आला.

याच कोड्यामागे लागून 1930 च्या दशकात टॉमस रिव्हर्स यांनी निरोगी मेंदूचा अर्क माकडांना वारंवार टोचला. माकडं लुळी पडली. मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे प्रतिकारशक्ती स्वतःच्याच मायलिनवर उठते तो आजार, त्याचा आजचा अभ्यास बराचसा तिथून पुढे आला.

पेशींवर वाढवलेल्या लसी आल्या आणि 2005 च्या सुमारास मेंढीची लस भारतात बंद झाली. 2006 पासून कातडीत देण्याची पद्धत मंजूर आहे: दोन्ही दंडांवर 0.1 मिलि, पहिल्या दिवशी, मग तो दिवस शून्य धरून तिसऱ्या, सातव्या आणि 28 व्या दिवशी. प्रतिपिंडं, म्हणजे विषाणूला निकामी करणारं रक्तातलं ते काहीतरी, तयार व्हायला आठवडा-दीड आठवडा जातो, म्हणून खोल चाव्यात तयार प्रतिपिंडं जखमेतच भरतात.

गेल्या वर्षी मामाच्या नातवाला गल्लीतल्या पिल्लाने ओरबाडलं. विषाणूभोवती चरबीचं आवरण असतं, साबणाने ते फुटतं, हे मामाला कोणीतरी सांगितलेलं होतं. त्याने पोराचा पाय मोरीतल्या नळाखाली धरला, कपड्याचा साबण घेतला आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत पुरी पंधरा मिनिटं चोळत बसला. मग रिक्षा बोलावली.