आधी रबरं बदला, डॅकचं नंतर बघू

गेल्या महिन्यात भाच्याने एक स्क्रीनशॉट पाठवला. कार्टमध्ये टाकलेला साडेपाच हजारांचा डॅक, म्हणजे डिजिटल आकड्यांचा आवाज करणारा कन्व्हर्टर, आणि खाली एकच ओळ: "मावशी, घेऊ ना?" तो इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षाला आहे, पुण्यात खोली घेऊन राहतो. मेसच्या पैशांतून वाचवून वाचवून त्याने दोन हजारांचे वायरवाले इयरफोन घेतले होते. पण ऐकताना काहीतरी कमी पडतंय असं त्याला सारखं वाटत होतं. लहानपणी पाच वर्षं तबला शिकलाय, त्यामुळे त्याचा कान तिथेच जातो, आणि डग्ग्याचा घुमारा त्याला ऐकूच येत नव्हता. ज्याला विचारावं तो सांगे, फोनमधला कन्व्हर्टर भिकार असतो, बाहेरचा घे, मग बघ इयरफोन कसे खुलतात.

मी पॉलिटेक्निकमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकवते. त्याला म्हटलं, पैसे भरू नकोस, रविवारी इयरफोन घेऊन घरी ये.

आला. त्याच्या फोनला हेडफोनचा जॅक नाही. आयफोन ७ ने २०१६ मध्ये जॅक काढला, तेव्हापासून एकेक करत बहुतेक महागड्या फोनांनी तो काढून टाकला. म्हणून याने पुण्यातल्या पासोड्या विठोबाजवळच्या बाजारात जाऊन शंभर रुपयांचा ॲडॉप्टर आणला होता. त्यातून आवाजच येईना, तेव्हा दुसऱ्यांदा जाऊन आठशेचा आणला आणि तो चालला. पहिला बंद निघाला अशी त्याची समजूत. मी दोन्ही समोर ठेवायला सांगितले. काही फोन यूएसबी-सीच्या पिनांवरूनच तयार ॲनालॉग आवाज बाहेर देतात. अशा फोनला नुसत्या तारा जोडणारा स्वस्त ॲडॉप्टर पुरतो. याचा फोन फक्त आकडे, म्हणजे डिजिटल रूपातला आवाज, बाहेर देतो. त्या आकड्यांचा आवाज करायला मध्ये कोणीतरी लागतं, आणि ते काम आठशेवाल्याच्या प्लगमध्ये बसवलेली, नखापेक्षाही लहान चिप करते.

"म्हणजे हा डॅकच आहे?" त्याने विचारलं.

डॅकच. बाहेरचाच. जॅक असलेल्या फोनमध्ये तो आत असतो, लॅपटॉपमध्ये असतो, टीव्हीत असतो. डिजिटल आवाज कानापर्यंत पोहोचवणारं प्रत्येक यंत्र कुठेतरी हे रूपांतर करतंच, नाहीतर आपल्याला काही ऐकूच येणार नाही. ब्लूटूथच्या इयरफोनमध्ये तर डॅक कानाशीच बसलेला असतो. फोन त्यांना बिनतारी आकडे पाठवतो. त्यामुळे ब्लूटूथवर ऐकणाऱ्याने फोनला कितीही भारी डॅक लावला तरी आवाज त्यातून जातच नाही. तेव्हा प्रश्न कन्व्हर्टर हवा की नको असा नाहीच. जो आहे तो पुरेसा आहे का, एवढंच बघायचं.

ते बघायला आधी तो करतो काय हे समजायला हवं. अंगणातली ठिपक्यांची रांगोळी आठवा. रेकॉर्डिंग करताना आवाजाच्या लाटेवर ठरावीक अंतराने ठिपके घेतात आणि फक्त त्या ठिपक्यांची उंची लिहून ठेवतात. १९८२ साली सोनी आणि फिलिप्स यांची सीडी बाजारात आली, तिच्यात सेकंदाला ४४,१०० ठिपके असतात आणि प्रत्येकाची उंची ६५,५३६ पातळ्यांपैकी एक. यालाच १६ बिट म्हणतात. आजही पुष्कळ गाणी याच मापात आपल्यापर्यंत येतात. डॅकचं काम म्हणजे ठिपके बघून मूळ रेषा पुन्हा काढणं.

इथे बहुतेकांच्या मनात एक शंका येते, आणि ती रास्त आहे. दोन ठिपक्यांच्या मधलं काय? ते तर लिहूनच ठेवलेलं नाही! जाहिरातींतल्या चित्रांत डिजिटल लाट जिन्याच्या पायऱ्यांसारखी दाखवतात, त्यामुळे ही भीती आणखी पक्की होते. रांगोळीत खरंच त्याच ठिपक्यांतून कुणी कमळ काढेल, कुणी कासव. आवाजाच्या रेषेला मात्र एक अट घातलेली असते. ठिपके सेकंदाला जितके असतील त्याच्या निम्म्याहून वेगवान वळणं तिच्यात असता कामा नयेत. सीडीसाठी हे निम्मं म्हणजे सेकंदाला २२,०५० कंपनं, आणि माणसाचा कान तरुणपणीसुद्धा २०,००० च्या आसपासच थांबतो. ही अट पाळली की दिलेल्या ठिपक्यांतून जाणारी रेषा एक आणि एकच उरते. जवळपास तीच नव्हे, तीच. या विचाराची सुरुवात हॅरी नायक्विस्ट यांच्या १९२८ च्या कामात आहे आणि क्लॉड शॅनन यांनी १९४९ मध्ये त्याची नीट सिद्धता मांडली. दरवर्षी वर्गात हे शिकवताना मला नव्याने आनंद होतो. इतकी सुंदर गोष्ट आपल्या खिशात रोज चालू असते आणि आपण तिच्याकडे बघतही नाही.

घरी माझ्याकडे एक जुना सीआरओ, म्हणजे विजेची लाट पडद्यावर दाखवणारं यंत्र आहे, भंगारात निघालेला घेऊन दुरुस्त केलेला. भाच्याच्या डोंगलमधून, म्हणजे त्या आठशेवाल्या ॲडॉप्टरमधून, मी १०,००० हर्ट्झचा सूर सोडला आणि तारा सीआरओला लावल्या. हिशेब केला तर या सुराच्या एका लाटेच्या वाट्याला ठिपके येतात जेमतेम साडेचार. साडेचार ठिपक्यांत लाट कशी मावणार? पडद्यावर हिरवी, गोल, गुळगुळीत लाट होती. एकही पायरी नाही. तो पडद्याला नाक लावून बघत बसला होता. आठशे रुपयांचा डोंगल शॅनन यांचं गणित बिनचूक सोडवत होता.

उरला आवाजातला कचरा, म्हणजे खरखर आणि सूं. १६ बिटांत सर्वांत मोठ्या आणि सर्वांत बारीक आवाजात सुमारे ९६ डेसिबलचं अंतर मावतं. रात्री सगळं निजल्यावर खोलीत ३० डेसिबलच्या आसपास आवाज असतोच, पंखा लावला की आणखी. त्याच्यावर हे ९६ चढवले तर १२६ होतात, म्हणजे कानठळ्या बसून दुखायला लागेल असा आवाज. तेव्हा चांगल्या डोंगलमध्ये उरलेली बारीक खरखर ऐकायची तर आधी कान फोडून घ्यावे लागतील.

"पण फरक ऐकू येतो असं सगळेच सांगतात," तो म्हणाला. ते खोटं बोलत नाहीत. त्यांना खरंच ऐकू येतो. का येतो, हे बघण्यासाठी मी एका सहकाऱ्याकडून टेबलावर ठेवायचा बारा हजारांचा डॅक मागून आणला होता. एकच बंदिश, आधी डोंगलवर, मग त्या डॅकवर. दुसऱ्या वेळी दहा सेकंदांत त्याचा चेहरा उजळला. "बघ! हाच! तबला पुढे आला."

मग मी मल्टिमीटर काढला. दोन्हीकडून ४०० हर्ट्झचा सूर वाजवून इयरफोनच्या टोकाशी व्होल्टेज मोजलं. मोठा डॅक जास्त व्होल्टेज देत होता, म्हणजे नुसता मोठ्याने वाजत होता. आपल्या कानाची एक रीत आहे: आवाज थोडा जरी मोठा झाला तरी खर्ज आणि तार दोन्ही प्रमाणापेक्षा जास्त भरतात. अमेरिकेतल्या बेल लॅब या संशोधनसंस्थेच्या हार्वी फ्लेचर आणि वाइल्डन मन्सन यांनी १९३३ मध्ये हे आलेखांत मांडलं. एखादा डेसिबल वाढला तर 'आवाज वाढला' असं जाणवत नाही, 'दर्जा वाढला' असं वाटतं. दुकानात शेजारी शेजारी ठेवलेली दोन यंत्रं ऐकून आपण फसतो ते इथेच.

व्होल्टेज मीटरवर सारखं करून घेतलं आणि त्याला पाठ करून बसवलं. कुठली वायर कशात आहे ते मी नाणं उडवून ठरवत होते. सोळा वेळा ऐकवलं, नऊ वेळा बरोबर सांगितलं त्याने. नुसतं नाणं उडवून सांगितलं असतं तरी आठ आले असते. फरक खरंच ओळखू येतोय असं म्हणायला निदान बारा तरी हवे होते. नवव्या वेळेनंतर तो स्वतःच म्हणाला, मावशी, मी आता अंदाजाने सांगतोय.

असाच प्रयोग, डॅकऐवजी रेकॉर्डिंगच्या मापांवर, फार मोठ्या प्रमाणावर झालाय. ब्रॅड मेयर आणि डेव्हिड मोरान यांनी २००७ मध्ये त्याचे निष्कर्ष छापले. त्यांनी उच्च दर्जाच्या डिस्कवरचं संगीत एकदा थेट आणि एकदा सीडीच्या मापातून गाळून ऐकवलं. ५५४ पैकी २७६ उत्तरं बरोबर आली, म्हणजे अगदी निम्मी. लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठातले जोशुआ रीस यांनी २०१६ मध्ये असे १८ प्रयोग एकत्र करून तपासले. त्यात ५२.३ टक्के उत्तरं बरोबर निघाली. सराव केलेल्या कानांना थोडं जास्त जमलं. म्हणजे फरक शून्य आहे असं कुणी छातीठोकपणे म्हणू नये. पण नवशिक्याने महिन्याचे पैसे घालावेत एवढा तर तो नाहीच.

डॅक म्हणून विकल्या जाणाऱ्या डब्यात अर्ध्याहून जास्त कौतुक असतं ते ॲम्पचं, आणि लोक या दोघांची गल्लत करतात. ॲम्प म्हणजे इयरफोनमधला पडदा हलवायला लागणारा जोर. तो किती लागतो? भाच्याच्या इयरफोनच्या डब्यावर १६ ओहम आणि एका मिलिवॉटला १०५ डेसिबल असं छापलंय. ८० डेसिबलवर निवांत ऐकायचं तर हिशेबाने फक्त ७ मिलिव्होल्ट लागतात. तबल्याची एखादी जोरकस थाप त्याच्या दहापट धरली तरी ७०. ॲपलचा छोटा यूएसबी-सी डोंगल अमेरिकेत मिळतो तो एक व्होल्ट, म्हणजे १,००० मिलिव्होल्ट देतो. पाण्याचा पेला भरायला टँकर मागवावा तसं हे झालं. आणि ८० डेसिबल हा आकडा मी सहज घेतलेला नाही. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना आठवड्याला ४० तास एवढ्याच आवाजात ऐकायला सांगते. ९० वर गेलात तर तेच ४ तासांवर येतं. गेलेलं ऐकणं परत येत नाही, हे मुलांना सांगताना मी हात जोडायलाही तयार असते.

जास्त ताकदीचा एक तोटाही आहे. असे संवेदनशील इयरफोन दांडग्या ॲम्पला लावले की त्याची स्वतःची सूं ऐकू यायला लागते. गाणं थांबलं की कानात शांततेऐवजी वारा. पैसे घालून आवाज बिघडवल्यासारखंच ते.

तरी बाहेरचं यंत्र कामाला येतंच, आणि तिथे मी ते नक्की घ्यायला सांगेन. काही लॅपटॉपांना इयरफोन लावला की माउस हलवताना चिर्र, पान सरकवताना गुर्र असं ऐकू येतं. मदरबोर्डवरच्या विजेची गडबड आवाजाच्या वाटेत शिरते ती. रूपांतर लॅपटॉपच्या बाहेर झालं की ती बहुतेकदा जाते आणि हे काम साध्या डोंगलने होतं. गुणगुण फक्त चार्जर लावल्यावरच येत असेल तर आधी चार्जर काढून बघा, मग घरातलं अर्थिंग तपासून घ्या. यूएसबीच्या वायरीतूनही तेच अर्थिंग जोडलेलं राहतं, त्यामुळे डॅक घेऊनही गुणगुण तशीच राहू शकते. दुसरं म्हणजे २५०–३०० ओहमचे कान झाकणारे मोठे हेडफोन. त्यांना जोरकस थापेपाशी पाऊण व्होल्ट किंवा त्याहून जास्त लागू शकतं, तिथे साध्या फोनची दमछाक होते. शिवाय ॲपलचा डोंगल बऱ्याच अँड्रॉइड फोनांवर हळू वाजतो आणि युरोपात विकला जाणारा मुळातच निम्मा व्होल्टेज देतो, तेव्हा आवाज पुरत नसेल तर दोष इयरफोनला देऊ नका.

एवढं सगळं करूनही भाच्याचा डग्गा अजून हरवलेलाच होता. त्याची तक्रार खरी होती. तो कुठे हरवला हे मला तो दारातून आत आला तेव्हाच दिसलं होतं: बोलताना त्याचा डावा इयरफोन दोनदा निसटला.

कानात बसणारा इयरफोन खर्ज देतो तो कानाची नळी बंद करून. रबर आणि कातडी यांच्यात बारीकशी फट राहिली तरी खालच्या सुरांचा दाब तिथून निघून जातो, डग्गा आधी जातो, तबल्याच्या काठावरची चाटी तशीच टणटणीत राहते. मी त्याला बंदिश लावून दोन्ही इयरफोन बोटांनी हलकेच आत दाबायला सांगितलं. तो दचकला. बोटं काढली, घुमारा गेला. पुन्हा दाबली, आला.

इयरफोनच्या डब्यात रबरांच्या आणखी दोन जोड्या होत्या, त्या त्याने पिशवीतूनही काढल्या नव्हत्या. उजव्या कानाला मधली बरोबर बसली. डाव्याला मोठी लागली. दोन कान सारखे नसतात बऱ्याच जणांचे. कान वरून धरून वर ओढून इयरफोन थोडा फिरवत आत सारायचा, हे दोनदा करून दाखवलं. मग तो खुर्चीत मागे टेकून डोळे मिटून बसला. मी चहा टाकायला आत गेले. बाहेर आले तर उजव्या हाताची बोटं मांडीवर ठेका धरत होती, डाव्या हाताचं मनगट मांडीवर दाबून पुढे सरकत होतं, डग्ग्यावर सरकतं तसं.