रंगाला आकडा देणारा चित्रकार

रॉबर्ट ब्राऊन हे नाव आपल्याला ‘ब्राऊनियन गती’मुळे माहीत असते. पाण्यातले सूक्ष्म कण अखंड थरथरत असतात, हे त्याने १८२७ मध्ये सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. पण वनस्पतिशास्त्रात त्याचा दबदबा त्याच्या कितीतरी आधी तयार झाला होता. ज्या सफरीने तो घडवला, तिच्यात त्याच्याबरोबर फर्डिनंड बाउअर नावाचा चित्रकार होता.

१८०१ च्या जुलैमध्ये ‘इन्व्हेस्टिगेटर’ हे जहाज मॅथ्यू फ्लिंडर्सच्या हाताखाली इंग्लंडहून ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यांची पाहणी करायला निघाले. ब्राऊन तेव्हा सत्तावीस वर्षांचा होता. एडिंबरोत वैद्यक शिकून पदवी न घेताच तो लष्करात शल्यवैद्याचा मदतनीस झाला होता. बाउअर चाळिशी ओलांडलेला. त्याचे वडील लिख्टेनश्टाइनच्या राजघराण्याचे चित्रकार. ते वारले तेव्हा फर्डिनंड जेमतेम वर्षाचा होता. गावच्या मठातल्या वनस्पतींची आवड असलेल्या एका धर्मगुरूने फर्डिनंडला आणि त्याच्या भावांना फुले काढायला बसवले. पुढे ऑक्सफर्डचे प्राध्यापक जॉन सिबथॉर्प यांच्याबरोबर बाउअर ग्रीसच्या परिसरात हिंडला आणि तिथल्या वनस्पतींची शेकडो चित्रे त्याने काढली. अनुभवाने तो ब्राऊनपेक्षा कितीतरी मोठा. तरी वर्षाचा पगार ब्राऊनला ४२० पौंड आणि बाउअरला ३१५. शास्त्रज्ञ वर, चित्रकार खाली, ही उतरंड तेव्हाही पक्की होती.

आता खरी अडचण. झाडाची फांदी कागदात दाबून वाळवली, की पानांची ठेवण, शिरा, देठ बऱ्यापैकी टिकतात. रंग मात्र जातो. निळे फूल तपकिरी होते, आणि मांसल पाकळ्यांचा आकारही चपटा होऊन बिघडतो. म्हणजे वाळवलेला नमुना अर्धीच माहिती देतो. उरलेली अर्धी फूल ताजे असतानाच टिपावी लागते, आणि हलत्या जहाजावर, रोज नव्या वनस्पतींचा ढीग समोर येत असताना, प्रत्येक चित्र रंगवत बसायला वेळ कुठून आणणार?

बाउअर पेन्सिलीने रेखाटन करी आणि त्यावर बारीक आकडे लिही. पाकळीच्या टोकाला एक आकडा, तळाशी दुसरा, देठाला तिसरा. प्रत्येक आकडा म्हणजे एक ठरावीक छटा. या सफरीतल्या त्याच्या सांकेतिक छटांची संख्या हजाराच्या घरात जाते. एकट्या हिरव्याच्या छटा वेगवेगळ्या ओळखून लक्षात ठेवणे हेच केवढे कौशल्य! लंडनला परतल्यावर, फूल कधीच कोमेजून गेलेले असताना, याच आकड्यांवरून त्याने जलरंगांत चित्रे पूर्ण केली. याला मी कला म्हणण्याआधी मोजमाप म्हणेन.

ब्राऊनलाही असाच जोडीदार हवा होता. स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसप्रमाणे पुंकेसर मोजून वनस्पतींचे वर्ग पाडणे त्याला पुरेसे वाटत नव्हते. फुलाचे सगळे भाग, बीजांड, परागकण पाहून नैसर्गिक कुळे ठरवायची होती. बाउअर फूल उघडून आतले भाग सूक्ष्मदर्शकातून वाढवून काढी. चित्रकाराची नजर किती पुढे जाऊ शकते याचा दाखला त्याच्याच घरात आहे. त्याचा भाऊ फ्रान्झ क्यू उद्यानात चित्रकार होता. ऑर्किडच्या पेशीतला ठिपका त्याने आपल्या चित्रांत आधीच टिपला होता. त्याला ‘न्यूक्लिअस’, म्हणजे केंद्रक, हे नाव ब्राऊनने १८३१ मध्ये दिले.

१८०३ मध्ये सिडनीत जहाज कुजलेले निघाले. फ्लिंडर्स दुसऱ्या जहाजाने मायदेशी निघाला आणि ते जहाज फुटले. त्यावर ठेवलेले ब्राऊनचे काही नमुने आणि जिवंत रोपे गेली. नंतर मॉरिशसला फ्रेंचांनी फ्लिंडर्सला कित्येक वर्षे अडकवले. हे दोघे मात्र मागे राहिले: ब्राऊन टास्मानियाकडे गेला, बाउअर नॉरफोक बेटावर. १८०५ च्या ऑक्टोबरमध्ये डागडुजी केलेल्या त्याच ‘इन्व्हेस्टिगेटर’ने ते लिव्हरपूलला पोचले. ब्राऊनकडे हजारो नमुने होते, बाउअरकडे सुमारे दोन हजार रेखाटने.

प्रकाशनात दोघांचेही हात पोळले. ब्राऊनचा १८१० चा ऑस्ट्रेलियन वनस्पतींवरचा लॅटिन ग्रंथ आज पायाभूत मानतात. तेव्हा छापलेल्या अडीचशे प्रतींपैकी पंचवीसच्या आसपासच खपल्या आणि वैतागून त्याने तो विक्रीतून काढून घेतला. बाउअरने स्वतः तांब्याच्या पत्र्यांवर कोरून आपल्या चित्रांचा संच काढला. पंधरा चित्रांवर तो थांबला. १८१४ मध्ये तो ऑस्ट्रियाला परतला आणि १८२६ मध्ये व्हिएन्नाजवळ वारला. ब्राऊनच्या वाट्याला निसर्गशास्त्रज्ञ जोसेफ बँक्सचा वनस्पतिसंग्रह आणि ब्रिटिश म्युझियममधली जागा आली. १८३० मध्ये त्याने बँक्सिया आणि ग्रेव्हिलिया या प्रजातींतल्या एकेका जातीला बाउअरचे नाव दिले.

बाउअरची रंगीत चित्रे आज लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये आहेत, आणि आकड्यांनी भरलेली बहुतेक रेखाटने व्हिएन्नात. त्या हजार छटांचा तक्ता आजवर सापडलेला नाही. त्यामुळे एखाद्या आकड्याचा रंग ठरवायचा, तर व्हिएन्नातले रेखाटन आणि त्याच फुलाचे लंडनमधले चित्र शेजारी ठेवून ताडून पाहावे लागते. रंगवलेली चित्रे रेखाटनांच्या मानाने फार थोडी आहेत, म्हणून बरीच फुले अजून नुसत्या आकड्यांतच आहेत.