दुधाची गाठ आणि मावशींचा अंगठा

कोथरूडला भाचीचं बाळ बघायला गेले. वहिनीने हातावर अळिवाचा लाडू ठेवला आणि आतल्या खोलीकडे बोट दाखवलं. "दूध तुंबलंय. मालिशवाल्या मावशी गाठ फोडतायत." आत पाच दिवसांची बाळंतीण उशीत तोंड खुपसून रडत होती.

"गोठलेलं दूध मोकळं करायला जोर लागतोच, ताई," मावशी म्हणाल्या. अंगठा काही थांबेना.

ही समजूत एकट्या मावशींची नाही, डॉक्टरही वर्षानुवर्षं हेच सांगत आले. पण दूधवाहिन्या म्हणजे मोरीचे पाइप नव्हेत. २००५ साली ऑस्ट्रेलियात सोनोग्राफी करून पाहिलं, तेव्हा बोंडाजवळच्या वाहिन्या जेमतेम २ मिलिमीटर रुंद दिसल्या. कातडीच्या लगेच खाली, जरा दाबलं की मिटणाऱ्या. वार पडली की दूध रोखून धरणारं प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक झपाट्याने उतरतं आणि दोन-चार दिवसांत दूध भरून येतं. त्याच वेळी स्तनात रक्तही जास्त धावतं, पेशींभोवती पाणी साचतं. त्या सुजेने वाहिन्या बाहेरून दबतात. हाताला गाठ लागते ती बहुतेकदा ही सूजच. रगडाल तितकी वाढते. म्हणूनच अकॅडमी ऑफ ब्रेस्टफीडिंग मेडिसिन या स्तनपानावर काम करणाऱ्या डॉक्टरांच्या संघटनेने २०२२ साली जोराची मालिश टाळायला सांगितलं. पंपाने स्तन रिकामा करत बसणंही नको. जितकं काढाल तितकं शरीर पुन्हा बनवतं.

बरं, बाळ पीत होतं का? पीत होतं, पण नुसतं बोंड धरून. सुटल्यावर बोंड एका बाजूने चपटं झालेलं, टोकाला चीर. म्हणजे बाळाच्या पुढच्या कडक टाळूवर ते चेंगरत होतं. बाळाला पोटाशी पोट लावून घेतलं, वरच्या ओठाला बोंडाचा स्पर्श केला आणि वाट पाहिली. जांभईएवढा आ झाला तसं बाळाला जवळ ओढलं. (आपण वाकायचं नाही, पाठ मोडते.) हनुवटी स्तनात रुतली, खालचा ओठ बाहेर वळला, काळसर भागही बराचसा तोंडात गेला. आधी भराभर चोखणं, मग संथ घुटके. भाचीचे खांदे सैल झाले.

गार पट्टीवरून मात्र रण माजलं. बाळंतिणीला गार? शेकाने बरं वाटतं हे खरं, पण सूज उतरायला गारवा बरा. शेवटी माठातल्या पाण्यात पिळलेल्या रुमालावर तडजोड झाली. मावशींनीच तो ठेवला, आणि टाळूला तेल लावावं तितक्या हलक्या हाताने काखेकडे बोटं फिरवली. ताप आला, लाली पसरली किंवा दिवसभरात उतार पडला नाही, तर मात्र डॉक्टर गाठायचे. तेव्हाही पाजणं थांबवायचं नाही, ते दूध बाळाला बाधत नाही.

संध्याकाळी शेजारच्या फ्लॅटमधलं बाळ रडलं. आमचं गाढ झोपलेलं. तरी भाचीच्या मेंदूने ऑक्सिटोसिन, म्हणजे पान्हा सोडणारं संप्रेरक, सोडलंच, आणि गाऊन दोन्हीकडून भिजला. "पान्हा फुटला गं!" मावशी स्वयंपाकघरातून ओरडल्या.