सिकलसेल तपासणी (ग्रामीण विदर्भ)

सिकलसेल तपासणी : हिमोग्लोबिनमध्ये 'एस' प्रकार आहे का, आणि असला तर एकाच पालकाकडून आलाय की आईबाप दोघांकडून, हे ओळखायची तपासणी. एकाकडून आला तर माणूस वाहक (एएस, यातला 'ए' म्हणजे नेहमीचं हिमोग्लोबिन), त्याला सहसा काहीच त्रास नसतो. दोघांकडून आला तर रुग्ण (एसएस), मग हाडं ठणकणं, डोळे पिवळे होणं, वारंवार रक्त चढवावं लागणं वगैरे. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, नागपूर, मेळघाट या पट्ट्यात ही तपासणी नवी नाही, पण ती कुठे होते आणि पक्का रिपोर्ट कधी हातात येतो हे अलीकडे बरंच बदललंय.

इतिहास आणि उगम : आजाराचं पहिलं वर्णन हेरिक यांनी अमेरिकेत १९१० मध्ये केलं. भारतात १९५२ साली निलगिरीतल्या आदिवासींमध्ये लेहमन आणि कटबुश यांना सिकल (विळ्यासारख्या वाकलेल्या लाल) पेशी सापडल्या, त्याच वर्षी आसामच्या चहामळ्यातल्या मजुरांमध्येही नोंद झाली. मध्य भारताबद्दल सहसा शुक्ला आणि सोलंकी यांचा लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकातला १९५८ चा लेख धरतात. पुढे बरीच वर्षं हा 'आदिवासींचा आजार' म्हणून सांगितला गेला, ते अर्धवट आहे, कारण गोंड, माडिया, परधान यांच्यात आहेच पण विदर्भात अनुसूचित जाती आणि काही ओबीसी समाजांतही चांगलाच आढळतो.

जीन मुळात आला कुठून यावर अजून एकमत नाही. बीटा ग्लोबिन जीनच्या (हिमोग्लोबिनचा एक भाग बनवणारा जीन, 'एस' चा बदल यातच असतो) आजूबाजूच्या डीएनएवरून पाच हॅप्लोटाइप (एकत्र वारशाने येणाऱ्या खुणांचे गट) पाडलेत, चार आफ्रिकेतले आणि एक अरब-भारतीय, त्यावरून बदल वेगवेगळ्या ठिकाणी स्वतंत्रपणे झाला असं पूर्वी मानत. श्राइनर आणि रोटिमी यांनी २०१८ मध्ये संपूर्ण जिनोम (सगळा डीएनए) वाचून उगम एकच, तोही साधारण ७,३०० वर्षांपूर्वीचा असं मांडलं. पुढच्याच वर्षी दुसऱ्या एका गटाने तो आकडा सुमारे २२,००० वर्षांवर नेला. एकच उगम हे मत सध्या जास्त पटतं, तारखेचं मात्र जपून घ्यावं. मलेरियामुळे जीन टिकला यावर फारसा वाद नाही, आणि गडचिरोलीचा मलेरिया पाहिला तर आश्चर्यही वाटत नाही.

अरब-भारतीय प्रकारात गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन मोठेपणीही जास्त राहतं म्हणून इकडचा आजार सौम्य, असं पुस्तकांत असायचं. नागपूरच्या लेकरांवरच्या अभ्यासांत तसं दिसलं नाही, दुखणं आणि रक्त चढवणं दोन्ही भरपूर. अल्फा थॅलेसेमिया (हिमोग्लोबिन कमी बनण्याचा वेगळा आनुवंशिक दोष) सोबत असला तर आजार नरम पडतो, आणि तो जोड काही आदिवासी गटांत जास्त आहे, पुस्तकातल्या आणि नागपूरच्या चित्रातला फरक त्यामुळेही असू शकतो.

पद्धती : सगळ्यात जुनी आणि स्वस्त ती सोल्युबिलिटी टेस्ट. नळीतल्या द्रावणात रक्ताचा थेंब टाकायचा, थोड्या वेळाने नळीमागे रेघांचा कागद धरायचा, रेघा दिसल्या नाहीत म्हणजे पॉझिटिव्ह. पण यात वाहक कोण आणि रुग्ण कोण ते कळत नाही, आणि सहा महिन्यांच्या आतल्या बाळात तर ही टेस्ट भरवशाचीच नाही. म्हणून मग नमुना इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसीसाठी (हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजणाऱ्या प्रयोगशाळेतल्या तपासण्या) जिल्ह्याला नाहीतर नागपूरच्या मेडिकल कॉलेजला, आणि रिपोर्ट परत गावात येईपर्यंत ते कुटुंब कापूस वेचायला कुठेतरी गेलेलं.

आता बोटाला टोचून स्ट्रीपवर करायची टेस्ट आलीय, रिपोर्ट दहा-पंधरा मिनिटांत तिथंच. यातली हिमोटाइप एससी नावाची स्ट्रीप वाचताना नवशिका हमखास अडखळतो कारण ती उलटी आहे, जो प्रकार रक्तात आहे त्याची रेघ गायब होते. ए ची रेघ नाही पण एस ची आहे, तर नॉर्मल. दोन्ही नाहीत, तर वाहक. एस ची नाही आणि ए ची आहे, तर रुग्ण. कंट्रोलची (स्ट्रीप नीट चालली हे दाखवणारी) रेघ मात्र दिसलीच पाहिजे, नाहीतर स्ट्रीप बाद. सिकलस्कॅन या दुसऱ्या कंपनीच्या स्ट्रीपमध्ये याच्या बरोब्बर उलट, तिथं रेघ आली म्हणजे तो प्रकार आहे, त्यामुळे एकाच पीएचसीत (प्राथमिक आरोग्य केंद्रात) दोन्ही कंपन्यांच्या स्ट्रीपा आल्या तर घोळ व्हायला वेळ लागत नाही. गेल्या तीनेक महिन्यांत रक्त चढवलं असेल तर रुग्णही वाहक दिसतो, हे आधी विचारायलाच हवं. बीटा थॅलेसेमिया सोबत असेल तर स्ट्रीपला तो कळत नाही, एचपीएलसी लागतेच.

उपचारातला बदल : राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मिशन १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोलला सुरू झालं, ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी हे त्याचं उद्दिष्ट. रिपोर्ट जागेवर मिळाल्याने आशाताई त्याच बैठकीत नवराबायको दोघांचं बोलावणं करू शकते, आणि लेकराला दुखणं सुरू व्हायच्या आधी लसी, फॉलिक अॅसिड सुरू होतं. दुखणं कमी करणाऱ्या हायड्रॉक्सियुरिया या औषधाचं तसं नाही. गोळी सोपी, पण पांढऱ्या पेशी उतरतात म्हणून ठरावीक दिवसांनी सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) करावी लागते, आणि ई-संजीवनीवर (सरकारी ऑनलाइन डॉक्टर सेवा) डॉक्टर बोलले तरी रक्त काढायला कुणीतरी जवळ लागतंच. गोळ्यांचा साठा संपला की सगळं थांबतं. तपासणी घरापर्यंत आली, उपचार अजून तालुक्यातच आहे असं म्हटलं तर चूक नाही.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेल धरलेला आहे. गर्भाची तपासणी साधारण दहाव्या ते बाराव्या आठवड्यात होऊ शकते, ग्रामीण भागात ती फार थोड्यांपर्यंत पोचते. जीन एडिटिंगचा उपचार, कॅसजेवी, अमेरिकेत डिसेंबर २०२३ मध्ये मंजूर झाला. त्यात गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिनच पुन्हा वाढवतात.