रांटस्टाटमधील लोकसंख्याबदल व स्थलांतर

रांटस्टाट म्हणजे ‘कडेचे शहर’. नेदरलँड्सच्या पश्चिम भागातील ॲमस्टरडॅम, रॉटरडॅम, द हेग व उट्रेख्त ही चार शहरे आणि त्यांच्या अधलीमधली गावे मिळून हे कडे बनले आहे. मधल्या सखल कुरणांत बांधकामावर बरीच बंधने आहेत. देशाच्या सुमारे १ कोटी ८० लाख लोकांपैकी ८० लाखांहून अधिक या प्रदेशात राहतात.

ही शहरे सतत फुगत गेली, हा समज चुकीचा आहे. ॲमस्टरडॅमची वस्ती १९५९ च्या सुमारास ८ लाख ७० हजारांच्या घरात होती. १९८५ पर्यंत ती ६ लाख ८० हजारांच्या खाली आली. रॉटरडॅम आणि द हेगचेही तेच झाले. शहरे ओसरली ती हलाखीमुळे नव्हे, तर सुबत्तेमुळे. दारात मोटार आली, अंगणाचे घर परवडू लागले आणि सरकारनेच शहरांबाहेर झूटरमेर, प्युर्मरेंड अशी वाढकेंद्रे उभारली. १९६८ मध्ये कोरड्या केलेल्या समुद्रतळावर वसलेल्या आल्मेरेत १९७६ साली पहिले रहिवासी आले. आज तेथे २ लाखांहून अधिक लोक आहेत.

या उलथापालथीची खरी कहाणी ॲमस्टरडॅमच्या बेल्मरमेर वसाहतीत दिसते. मधाच्या पोळ्यासारख्या मांडणीच्या तिच्या उंच इमारतींतील गाळे मध्यमवर्गीय डच कुटुंबांसाठी बांधले होते. ती कुटुंबे आल्मेरेसारख्या ठिकाणी अंगणाच्या घरांत गेली आणि गाळे ओस पडू लागले. त्याच सुमारास, नोव्हेंबर १९७५ मध्ये, नेदरलँड्सच्या ताब्यातला दक्षिण अमेरिकेतील सुरीनाम स्वतंत्र झाला आणि तेथून आलेल्या हजारो लोकांनी, मुख्यतः आफ्रिकी वंशाच्या कुटुंबांनी, ती घरे भरली. सुरीनामी हिंदुस्तानी मात्र मोठ्या संख्येने द हेगला स्थिरावले. त्यांचे पूर्वज १८७३ पासून उत्तर प्रदेश-बिहारकडून गिरमिटिया (करारबद्ध) मजूर म्हणून सुरीनामला गेले होते. एकाच घराण्याने शंभर वर्षांत दोनदा महासागर ओलांडावा, ही गोष्ट आकडेवारीच्या तक्त्यात मावत नाही.

तुर्कस्तानशी १९६४ मध्ये आणि मोरोक्कोशी १९६९ मध्ये मजूरभरतीचे करार झाले. काही वर्षांपुरते म्हणून बोलावलेले हे ‘पाहुणे कामगार’ पुढे बायकामुलांना आणून कायमचे राहिले. २००७ नंतर पोलंडच्या कामगारांना परवान्याची अट उरली नाही. द हेगजवळच्या वेस्टलांडमधील काचगृहांत आज त्यांचे हात राबतात.

शिकायला किंवा पहिल्या नोकरीला तरुण शहरात येतात आणि मुले झाली की बाहेर पडतात, हा क्रम अजून चालू आहे. घरांच्या किमती भडकल्यापासून तो अधिकच तीव्र झाला. देशांतर्गत ये-जा पाहिली तर गेल्या दशकात ॲमस्टरडॅम माणसे गमावते आहे. तरीही वस्ती ९ लाखांपुढे गेली, ती प्रामुख्याने परदेशातून येणाऱ्यांमुळे. शेजारच्या आम्स्टेलफेनमध्ये भारतीय संगणकतज्ज्ञांची मोठी वस्ती झाली असून त्यांत मराठी कुटुंबेही आहेत.