चाळिशीनंतर गाणं शिकता येत नाही?

‘गाणं लहानपणीच शिकावं, चाळिशीनंतर सूर लागत नाही,’ असा मजकूर वर्षानुवर्षं फिरतो आहे. त्यात थोडं तथ्य आहे: कुठल्याही आधाराशिवाय स्वर अचूक ओळखण्याची क्षमता बहुधा बालपणीच येते. पण आपल्या रागसंगीताला ती लागतच नाही. इथे सा कायमचा ठरलेला नसतो. कुणी काळी एकमध्ये, म्हणजे पेटीची पहिली काळी पट्टी सा धरून गातं, कुणी काळी चारमध्ये, आणि बाकीचे स्वर त्या सा-शी असलेल्या नात्यानेच लागतात. ते नातं कानाला मोठेपणीही शिकवता येतं.

पडताळून बघा. आरतीत कुणी बेसूर झालं की खटकतं ना? मग तुमचा कान शाबूत आहे. सराव हवा तो गळ्याला. मोबाइलवर तानपुरा लावा, सा धरा. किंचित हुकला तर दोन आवाजांत थरथर जाणवते, जुळला की ती थांबते. रेकॉर्ड करून ठेवा आणि महिनाभराच्या रियाजानंतर ताडून बघा.