गाण्याचा पत्ता कोणाकडे?

सीडीवरचं गाणं म्हणजे आकड्यांची लांबलचक रांग. दर सेकंदाला डाव्या आणि उजव्या कानासाठी प्रत्येकी ४४,१०० नोंदी, एकेक नोंद १६ बिटांची. अशा हिशोबाने चार मिनिटांचं गाणं सुमारे ४२ मेगाबाइट जागा खातं. १९९९ च्या सुमारास घरी वापरल्या जाणाऱ्या ५६ किलोबिटच्या मोडेमवर ते उतरवायला शंभर मिनिटं लागली असती, तीही मोडेम पूर्ण वेगाने धावला तर. तो तसा कधी धावत नसे हे सोडा. जर्मनीतल्या फ्राउनहोफर संस्थेत कार्लहाइन्झ ब्रांडेनबुर्ग आणि सहकाऱ्यांनी ज्यावर वर्षानुवर्षं काम केलं, त्या एमपी३ने हे गणित फिरवलं. मोठ्या आवाजाच्या आड दडलेला बारीक आवाज कानाला जाणवतच नाही, मग तो साठवायचा कशाला? १२८ किलोबिटच्या एमपी३त तेच गाणं चार मेगाबाइटच्या आत बसतं. शंभर मिनिटांची नऊ झाली.

जून १९९९ मध्ये शॉन फॅनिंग या तरुणाचं नॅपस्टर आलं. नॅपस्टरच्या सर्व्हरवर एकही गाणं नव्हतं. तिथे होती फक्त यादी: कोणतं गाणं आत्ता कोणाच्या संगणकात आहे. तुम्ही गाणं शोधायचं, नॅपस्टरने पत्ता सांगायचा, आणि फाइल त्या घरून थेट तुमच्या घरी यायची. डिसेंबरमध्ये अमेरिकेतल्या रेकॉर्ड कंपन्यांच्या संघटनेने, आरआयएएने, खटला भरला.

नॅपस्टरने आधार घेतला तो १९८४ च्या बेटामॅक्स निकालाचा. व्हिडिओ रेकॉर्डरचा रास्त उपयोगही होतो, तेव्हा लोकांनी केलेल्या नकलांसाठी तो बनवणाऱ्या सोनीला जबाबदार धरता येत नाही, असं तेव्हा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं होतं. पण रेकॉर्डर विकला की कंपनीचा त्याच्याशी संबंध संपतो. यादी मात्र नॅपस्टरच्याच सर्व्हरवर होती. काय चाललंय ते कळायला आणि ते थांबवायलाही वाव होता. फेब्रुवारी २००१ मध्ये अपील न्यायालयात नॅपस्टरची बाजू पडली आणि जुलैत सेवा बंद झाली.

वकिलांनी हा निकाल कसा वाचला ते वकील जाणोत. प्रोग्रामरांनी त्यातून एकच सूचना उचलली: यादी जवळ ठेवू नका.

तशी एक रचना आधीच तयार होती. मार्च २०००मध्ये आलेल्या न्युटेलात यादीच नव्हती. तुमचा संगणक शेजारच्या काही संगणकांना विचारायचा, ते त्यांच्या शेजाऱ्यांना, आणि साधारण सात टप्प्यांनंतर प्रश्न विरून जायचा. दावा लावायला मालक सापडत नव्हता, पण एका गाण्यासाठी हजारो दारं ठोठावली जायची आणि मोडेमवाल्यांचा जीव त्यातच जायचा. काझाने मधला मार्ग काढला: जोडणी चांगली असलेल्या काही संगणकांनी आसपासच्यांच्या याद्या तात्पुरत्या सांभाळायच्या. काझा घडवणाऱ्यांनीच पुढे स्काइप बनवलं.

आता सर्व्हर बंद पाडून भागणार नव्हतं. मग कंपन्यांनी विहिरीत विष कालवायचं ठरवलं. ओव्हरपीअरसारख्या संस्था गाण्याच्या नावाने खोट्या फाइली सोडू लागल्या. २००३ मध्ये मॅडोनाच्या नव्या अल्बमच्या नावाने फिरणाऱ्या काही फाइली वाजवल्या, की खुद्द मॅडोना शिवी हासडून जाब विचारायची. ही युक्ती काझावर इतकी का चालली, हे मला या साऱ्या भांडणातलं सर्वांत मजेदार कोडं वाटतं.

त्याचं उत्तर ‘हॅश’मध्ये आहे. कोणतीही फाइल एका ठरावीक गणितातून काढली की एक छोटा आकडा मिळतो, फाइलच्या बोटाचा ठसाच म्हणा. फाइलमधलं एक बिट बदललं तरी ठसा पार बदलतो. त्यामुळे अनोळखी दहा जणांकडून एकाच गाण्याचे तुकडे घेताना ते खरोखर एकाच फाइलचे आहेत ना, हे ठशावरून कळतं. काझाने मात्र वेग वाचवायला कसर केली. त्याचा ठसा फाइलचे पहिले ३०० किलोबाइट, मग १, २, ४ अशा दुपटीने वाढणाऱ्या मेगाबाइटच्या खुणांपासून तेवढाच भाग आणि शेवटचे ३०० किलोबाइट एवढ्यावरूनच काढला जाई. चार मेगाबाइटच्या गाण्याचा जेमतेम एक तृतीयांश भाग तपासला जायचा. उरलेल्या जागेत करकर भरली तरी ठसा तोच! दाराला कुलूप होतं, पण खिडक्या सताड उघड्या होत्या.

ब्रॅम कोहेनच्या २००१ मधल्या बिटटॉरेंटमध्ये या खिडक्या नव्हत्या. तिथे फाइलचे तुकडे पाडून प्रत्येक तुकड्याचा पूर्ण ठसा सुरुवातीलाच टॉरेंट फाइलमध्ये लिहिलेला असतो. तुकडा जुळला नाही तर तेवढाच फेकायचा आणि दुसऱ्याकडून घ्यायचा. भेसळ करणाऱ्याला फार तर तुमचा थोडा वेळ वाया घालवता येतो. शिवाय आधी दुर्मीळ तुकडे उचलायचे आणि जो देतो त्यालाच द्यायचं, या दोन नियमांमुळे मागणी वाढली की पुरवठाही वाढतो. नेहमीच्या सर्व्हरचं याच्या नेमकं उलट असतं.

दरम्यान कोर्टबाजी चालूच होती. सप्टेंबर २००३ मध्ये आरआयएएने सामान्य वापरणाऱ्यांवरच २६१ दावे ठोकले. २००९ मध्ये एका महिलेला २४ गाण्यांपोटी १९ लाख २० हजार डॉलर भरायला ज्यूरीने सांगितलं, म्हणजे गाण्यामागे ८०,००० डॉलर. रक्कम पुढे खाली आली, पण गाण्यांची देवघेव थांबली नाही. नक्कल होऊ नये म्हणून सीडीला लावलेल्या कुलपांची तर शोभाच झाली. एका प्रकारचं कुलूप सीडीच्या कडेला मार्कर पेनची रेघ ओढली की निकामी व्हायचं. २००५ मध्ये सोनी बीएमजीच्या काही सीडी ग्राहकाच्या संगणकात छुपा प्रोग्राम घुसवत असल्याचं संगणकतज्ज्ञ मार्क रुसिनोविच यांनी उघड केलं आणि त्या परत मागवाव्या लागल्या. पैसे मोजून सीडी घेणाऱ्याचाच संगणक असुरक्षित, फुकट्याचा ठणठणीत!

२००८ मध्ये स्वीडनमधून स्पॉटिफाय ही इंटरनेटवरून गाणी ऐकवणारी सेवा सुरू झाली. तिच्या पहिल्या प्रोग्रामरांपैकी एक लुडविग स्ट्रिगेउस. बिटटॉरेंटवरून फाइली उतरवणाऱ्यांचं आवडतं सॉफ्टवेअर म्यूटॉरेंट त्यांचंच. साहजिकच स्पॉटिफायच्या पोटातही तीच विद्या होती. गाण्याची सुरुवात सर्व्हरवरून यायची आणि पुढचे तुकडे शक्य तेव्हा इतर श्रोत्यांच्या संगणकांतून. २०१० मध्ये त्यांच्याच अभियंत्यांनी मोजून सांगितलं, की वाजणाऱ्या संगीतातला जेमतेम ८.८ टक्के डेटा सर्व्हरवरून येतो, ३५.८ टक्के अनोळखी श्रोत्यांकडून, आणि उरलेला ऐकणाऱ्याच्या संगणकात आधीच साठलेला असतो. २०१४ मध्ये ही पद्धत त्यांनी बंद केली. तोवर कोट्यवधी लोक एकमेकांना गाणी पुरवत होते, रेकॉर्ड कंपन्यांच्या परवान्याने, आणि त्यातल्या बहुतेकांना त्याचा पत्ताही नव्हता.